भिंतीवरच्या मॅडमचं स्वागत

आमच्या संस्थेत स्वागताला फार किंमत. पोरांचा खाऊ उशिरा पोचला तरी चालेल, फळा तडकलेला असला तरी चालेल, पण पाहुण्याच्या हातात गुच्छ वेळेवर पडला पाहिजे. पाहुणे गाडीनं यायचे तेव्हा हे समजण्यासारखं होतं. दारात माणूस आला तर त्याला पाणी विचारावं, एवढं आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं. पण २००८ साली पाहुणे यायचे बंद झाले आणि भिंतीवर दिसायला लागले. तरी स्वागत काही सुटलं नाही. उलट वाढलं.

मी रंभा. सापगावात संस्थेची बालवाडी चालवते. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत संस्थेच्या बालवाड्या आहेत आणि मोठं ऑफिस मुंबईला. त्या वर्षी शहापूरच्या ऑफिसात फोनच्या लायनीवर इंटरनेट घेतलं, प्रोजेक्टर आणला, कॉम्प्युटरच्या डोक्यावर सुपारीएवढा कॅमेरा चिकटवला. महिन्यातून एकदा आम्ही सगळ्या सेविका सतरंजीवर बसायचो आणि मुंबईच्या समीक्षा मॅडम चुना मारलेल्या भिंतीवर यायच्या. त्यांना आम्ही दिसायचो. एका वेळी एकच तालुका, मुंबईवाले बटण दाबतील तो. कधी याला ऑनलाइन मीटिंग म्हणायचे, कधी ऑनलाइन प्रशिक्षण. प्रशिक्षण असलं की चहाबरोबर वडा मिळायचा, मीटिंगला नुसता चहा. एवढाच फरक.

आमचे को-ऑर्डिनेटर अनिलसर. माणूस इथलाच, शहापुरातला. लग्न असो, क्रिकेटच्या मॅचेस असोत, गणपतीचं बक्षीस वाटप असो, माईक त्यांच्याच हातात. एरवी आमच्यासारखंच बोलणार, "काय रंभाबाई, आज लेट?" आणि माईक धरला की "आजच्या या मंगलमय आणि तेजोमय प्रभाती." बाहेर बैल पाण्यावर जात असायचे आणि आत प्रभात तेजोमय.

भिंतीवरच्या माणसाला गुच्छ कसा द्यायचा, हा प्रश्न अनिलसरांनीच सोडवला. त्यांनी मुंबईच्या शिपायाला फोन करून ठरवलं, की इकडून आपण गुच्छ कॅमेऱ्यापुढे धरायचा आणि त्याच क्षणी तिकडून त्यानं तसाच गुच्छ मॅडमच्या हातात द्यायचा. म्हणजे शहापूरचा गुच्छ मुंबईला पोचल्यासारखा वाटणार. पहिल्या वेळी इकडे झेंडू होता आणि तिकडे गुलाब, म्हणून पुढच्या वेळेपासून आदल्या दिवशीच फुलांचा रंग ठरायला लागला. बाया हसायच्या. मीही हसले. मुरबाडला ही युक्ती कळल्यावर तिथल्या को-ऑर्डिनेटर महिपतरावांनी पुढच्या मीटिंगला शंख वाजवणारा बसवला. मग आम्ही कॅमेऱ्याला ओवाळायला सुरुवात केली. मग मुरबाडनं लेझीम आणलं.

साडेअकराला लोडशेडिंग. मीटिंग दहाला. पहिली पंधरा मिनिटं "हॅलो, शहापूर, आवाज येतोय का?" "येतोय मॅडम, आमचा येतोय का?" यातच जायची. राहिलेल्या वेळात दोन्हीकडची स्वागतं, मग मॅडमचं स्वागताबद्दल आभाराचं भाषण, मग जे काही सांगायचं ते. प्रश्नोत्तरं शेवटी. मी कधी प्रश्नोत्तरं पाहिली नाहीत. प्रश्न यायच्या आधी लाइट जायची.

आता भिमीचं सांगते. भिमी डोळखांबच्या पलीकडची, पेंढरीच्या पाड्यावरची. एसटी सोडल्यावर डोंगरात चालत जावं लागतं. तिथली बालवाडी ती चालवायची. दिराच्या, शेजाऱ्यांच्या, सगळ्यांच्याच घरची पोरं त्या एका खोलीत. पाड्याचं जगणं असं आहे, की भात कापून झालं, दिवाळी उरकली, की घरंच्या घरं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला परत येतात. मागे उरतात म्हाताऱ्या आणि एखाद-दुसरं आजारी पोर. हे शहापुरात कुणाला माहीत नाही असं नाही. शेंबड्या पोराला माहीत आहे.

संस्थेनं बालवाड्यांचा पट मोजायला माणूस पाठवला तो माघात. हरेश त्याचं नाव. पाड्यावर गेला, दारांना कड्या. बालवाडीत पाच पोरं. नियम पंधराचा. त्यानं पाच लिहिली आणि गेला. भिमी त्याच्यामागे पार उतारापर्यंत गेली होती.

"मी म्हनले, जेठात येवा. तं बोलतो, बाई, माझा टूर माघातला हाय." हे तिनं मला अखाजी झाल्यावर शहापूरच्या ऑफिसाच्या पायरीवर सांगितलं. "पाचच हायत, मंग बंद करतील का गो?"

"करतील. कमी पटाच्या बंद करणारेत जूनपासून. मॅडम पुढच्या मीटिंगला नावं सांगणार आहेत."

"मंग पोरां कुठं जातील?"

बालवाडी होती म्हणून दोन-चार बाया हल्ली पोरं म्हाताऱ्यांकडे ठेवून जायला लागल्या होत्या. सकाळी खायला मिळतं, दुपारी भिमी झोपवते. दरवर्षी एखादं पोर जास्त राहायचं. ती पाच त्यातलीच. भिमीला वाटत होतं, आणखी दोन-तीन वर्षं गेली तर निम्मा पाडा पोरं मागे ठेवेल. आणि खोली बंद झाली तर ती पाचही भट्टीवर.

ती अनिलसरांकडे गेली. मी बरोबर होते.

"सर, मला मॅडमशी बोलायचाय."

"बोला की. शेवटी प्रश्नोत्तराचं सत्र असतं."

"शेवटी लाइट जाते."

"भिमीताई, तुम्ही फार निगेटिव्ह विचार करता."

भिमी मग म्हणाली, "मंग मी पोरांच आनते. आता परतलीत समदी. मॅडमनी डोल्यांनी पाह्यली म्हंजे झाला."

अनिलसर खुर्चीत ताठ झाले. "मुलं? आणा ना, नक्की आणा. मॅडमना मुलं फार आवडतात. स्वागतगीत त्यांच्याकडूनच घेऊ. मुरबाड गप्प बसेल."

"पन सांगशीला ना, पेंढरीच्या पाड्याची हायत म्हनून?"

"सगळं स्क्रिप्टमध्ये बसवतो, तुम्ही काळजी सोडा."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "भिमे, त्याच्या स्क्रिप्टवर भरवसा ठेवू नकोस."

"मंग कनावर ठेवू?" ती म्हणाली, आणि एसटी गाठायला निघाली.

तिनं पोरांना गाणं शिकवलं. अनिलसरांनीच लिहून दिलेलं, ज्ञानाचे दीप वगैरे असलेलं. पोरांना त्यातला शब्द कळत नव्हता, पण पोरं चाल पटकन उचलतात. आणि शेवटी तिनं स्वतःचं एक घातलं. गाणं संपलं की प्रत्येकानं पुढे यायचं, आपलं नाव सांगायचं, बापाचं सांगायचं आणि पेंढरीचा पाडा म्हणायचं. तेवढ्यासाठी तर ती पोरांना उन्हातून चालवत खाली उतरवून, एसटीत कोंबून आणणार होती.

मीटिंगच्या दिवशी पोरं आली ती धुळीनं माखून. काहींच्या अंगावर अजून भट्टीची लाली होती. ती आंघोळीनं लगेच जात नाही. भिमीनं ऑफिसच्या नळावर एकेकाचं तोंड धुतलं, केसांना तेल लावलं. वीसच्या वर पोरं होती. अनिलसरांनी त्यांच्या गळ्यात कागदी फुलांच्या माळा घातल्या आणि उंचीप्रमाणे उभं केलं. बारकी पुढे.

"आवाज येतोय का, शहापूर?"

"येतोय, मॅडम. आजच्या या मंगलमय प्रभाती."

ओवाळणं झालं. आमच्यातल्या काशीनं ताट कॅमेऱ्याच्या इतकं जवळ नेलं, की मुंबईला नुसती वात दिसली असणार. मग अनिलसरांनी माईक पुढे धरला आणि पोरं गायली. बरी गायली. मॅडम भिंतीवर मान डोलवत होत्या, चित्र अडकत अडकत, म्हणजे मान एकदा डावीकडे दिसायची आणि एकदम उजवीकडे. गाणं संपलं. अनिलसर म्हणाले, "आपल्या शहापूर तालुक्यातील या चिमुकल्या पाखरांनी." बस. पाखरं. पाड्याचं नाव नाही.

भिमीनं काजलला पुढे ढकललं. काजल सगळ्यात धीट. ती कॅमेऱ्यासमोर गेली आणि माईकशिवायच म्हणाली, "माझा नाव काजल जैतू, पेंढरीचा पाडा."

मॅडम हसल्या. "सो स्वीट."

दुसरा पोरगा पुढे आला. त्याचं तोंड उघडायच्या आत भिंतीवर मुंबईचा शिपाई गुच्छ घेऊन आत शिरला. घाई झाली होती त्याला. अनिलसरांची धांदल उडाली. त्यांनी पोराला खांद्याला धरून बाजूला केलं, टेबलावरचा गुच्छ उचलला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. तोवर मॅडम तिकडे फुलांचा वास घेत होत्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायच्या असं आधी सांगितलेलं होतं.

"थँक यू, शहापूर. मुलांना काहीतरी खाऊ द्या हं."

अनिलसरांनी खूण केली आणि पोरांना बाहेर ओसरीत नेलं. बिस्किटाचे पुडे फोडले. आत आवाज नको म्हणून दार लोटून घेतलं. भिमी आत येऊन माझ्याजवळ बसली. तिच्या हाताला तेलाचा वास येत होता.

"पाह्यली ना मॅडमनी?" तिनं हळूच विचारलं.

"पाहिली."

मग मुरबाडचं स्वागत. महिपतरावांनी त्या दिवशी शंख, लेझीम आणि वर एका म्हाताऱ्या बाईकडून जात्यावरची ओवी ठेवली होती. मॅडमना ती इतकी आवडली, की त्यांनी परत म्हणायला लावली. मग मॅडमचं भाषण. दोन्ही तालुक्यांचं प्रेम बघून त्या भारावल्या होत्या, आणि अंतर म्हणून काही उरलंच नाही असं त्यांना वाटत होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

सव्वाअकरा झाले असतील तेव्हा मॅडमनी चष्मा लावला. "आता जरा कामाचं. कमी पटाच्या बालवाड्या आपल्याला नाइलाजानं थांबवाव्या लागताहेत." मुरबाडची दोन नावं घेतली. मग शहापूर. "पेंढरीपाडा. इथे फक्त पाच मुलं सापडली."

भिमी उभी राहिली. "मॅडम, पाच नाय. ती आत्ता गायलीत ती."

अनिलसर माईक छातीशी धरून तिच्याकडे वळले. "ताई, प्रश्न शेवटी."

"प्रश्न नाय तो. ही पोरां हायत."

"शेवटी, शेवटी. मॅडम बोलताहेत."

माईक तिला दिला नाही. माईकशिवाय आमचा आवाज मुंबईला जात नव्हता. भिंतीवर मॅडम शांतपणे कागद उलटत होत्या. भिमी सरळ दाराकडे गेली, दार उघडलं आणि पोरांना आत घेऊन आली. तोंडाला बिस्किटाचा चुरा, गळ्यात कागदी फुलं. तिनं त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं, बारकी पुढे, आणि हातानं एकेकाच्या डोक्याला शिवत मोजायला लागली. तोंडानं मोठ्यानं मोजत होती. आम्हाला ऐकू येत होतं. मुंबईला नाही.

मॅडमनी वर पाहिलं आणि परत हसल्या. "अरे वा, आणखी एक गाणं? आत्ता नको बाळांनो, आत्ता मीटिंग चाललीय. शहापूर, मुलांना नंतर घ्या ना, प्लीज."

मी उठून अनिलसरांच्या हातातला माईक ओढला. खरंच ओढला, त्यांचं मनगट पिरगाळलं असेल थोडं. "मॅडम," मी म्हटलं, "ही पेंढरीपाड्याची." तेवढंच. पंखा थांबला, भिंत पांढरी झाली. लाइट गेली होती. रोजच्यासारखी, वेळेवर.

पोरांना वाटलं कार्यक्रम संपला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी अनिलसरांना मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. लिहायला हरकत नाही, पण शिव्यांनी काही होत नाही. ते म्हणाले, "रंभाबाई, मी रिपोर्टमध्ये टाकतो." मी म्हटलं, "आत्ता फोन लावा." ते म्हणाले, मॅडम लंचला गेल्या असतील. मग मीच बाजारातल्या पीसीओवरून मुंबईला फोन लावला. मॅडमच्या सेक्रेटरीनं घेतला. मी सगळं सांगितलं, माघ काय, जेठ काय, भट्टी काय. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ते कल्चरल ग्रुपवाले का? त्यांचा व्हिडिओ छान आला. मॅडमनी सगळ्यांना दाखवला." मी म्हटलं, ग्रुप नाही, पट आहे तो. ती म्हणाली, मी निरोप देते. दिलाही असेल. जूनमध्ये पेंढरीपाड्याची खोली बंद झाली. फळा, डबे, तराजू सगळं शहापूरला आणून ठेवलं. भिमीला सांगितलं, तुमची सेवा संपली.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर सगळी पोरं भट्टीवर गेली. ती मागे राहणारी पाचही गेली. भिमीही गेली. बसून काय खाणार?

माघात अनिलसर माझ्या बालवाडीच्या दारात येऊन उभे राहिले. मोटरसायकल उन्हात, तोंड सुकलेलं.

"रंभाबाई, एक काम आहे. परदेशातले देणगीदार येताहेत. ऑनलाइन. लंडनहून की कुठून. मॅडमनी खास सांगितलंय, ती मुलं पाहिजेत. त्या दिवशीचीच. व्हिडिओ दाखवलाय त्यांना."

"मग आणा की."

"पाड्यावर गेलो होतो. कुणीच नाही हो."

"नाही ना? बरोबर आहे. हरेशलाही पाचांवर कुणी दिसलं नव्हतं."

ते ओशाळले. खरंच ओशाळले, मी खोटं लिहीत नाही. अनिलसर वाईट माणूस नाही. माईक हातात नसला की बरा आहे. म्हणाले, "भिमीताईंना तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील. परदेशी पाहुण्यांसमोर मुलं आली तर बालवाडीचाही विषय काढता येईल." मला ते पटलं नाही. पण भिमीला बरेच महिने पाहिलं नव्हतं. शनिवारी त्यांच्या मागे बसून भिवंडीच्या बाजूला गेले.

भट्टी म्हणजे लांबच लांब लाल रान. कच्च्या विटांच्या रांगा वाळत पडलेल्या, त्यांच्यामधून पोरं वाकून विटा उलथत जात होती. एक बाजू वाळली की दुसरी. बारकी पोरं हलकी असतात, ओल्या विटांवर पाय पडला तरी विटा मोडत नाहीत, म्हणून ते काम पोरांचं. भिमी डोक्यावर फळीभर विटा घेऊन चालली होती. आम्हाला पाहून तिनं फळी उतरवली नाही. विटा जागेवर ठेवून आली, मग बोलली.

"काय गो रंभाबाय, तू इकडं?"

अनिलसरांनी सगळं सांगितलं. लंडन, मॅडम, जाण्या-येण्याला जीप, पोरांना नवे कपडे. भिमी पदरानं मान पुसत ऐकत होती.

"बालवाडी उघडशीला?"

"आधी स्वागत तर होऊ दे, ताई. मग बोलू आपण."

"मंग," भिमी म्हणाली. तो शब्द तिनं असा उच्चारला, जसं कुणी दार लावतं. ती वळली आणि रांगांकडे तोंड करून हाका मारल्या. पोरं धावत आली. हाताला चिखल, केस लाल. अनिलसरांना बघून काजल खूश झाली. तिला बिस्किटं आठवली असतील. ती हात जोडून उभी राहिली आणि तिनं ते ज्ञानाच्या दीपांचं गाणं सुरू केलं. दोघं-तिघं तिच्यामागून गायला लागली.

"गप गो," भिमी म्हणाली. गाणं थांबलं. मग ती अनिलसरांना म्हणाली, "मोजा."

"काय मोजू?"

"पोरां. तो हरेश माघात आलता. तुमीपन माघातच आलात. मोजा."

"ताई, कशाला उगाच."

"मोजा सर. टाइम हाय. इथं लाइट नाय जात."

अनिलसर माझ्याकडे बघायला लागले. मी मान फिरवली. मग त्यांनी मोजायला घेतलं. बोटानं, हळू आवाजात. भिमी म्हणाली, मोठ्यानं. ते मोठ्यानं मोजायला लागले. स्टेजवरचा त्यांचा आवाज लांबवर जाणारा आहे, भट्टीवरची माणसं काम थांबवून बघायला लागली. पंधराला त्यांचा आवाज जरा अडला. भिमी वाट बघत उभी राहिली. ते पुढे मोजत गेले. एकवीस झाले.

"बस?" ते म्हणाले.

"नाय. ती पल्याडची रायलीत. ती रांग सोडून येऊ नाय शकत, मुकादम वरडतो. तिकडं जाऊन मोजा."

ते गेले. चपला चिखलात रुतत होत्या. तिकडून त्यांचा आवाज येत राहिला, बावीस, तेवीस. भिमीनं इकडच्या पोरांना परत रांगांत पाठवलं. मी तिला काही विचारणार होते, पण ती विटांची फळी उचलायला वाकली होती, आणि डोक्यावर ओझं असताना माणसाला बोलायला लावू नये.

परतीच्या वाटेवर पडघ्याजवळ अनिलसरांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं काही बोलतील. त्यांनी मोबाइल काढला, रेंज बघितली आणि नंबर लावला.

"महिपतराव? अनिल बोलतोय, शहापूर. तुमच्याकडे गाणारी पोरं मिळतील का हो वीसेक? शुक्रवारपर्यंत?"